गॅडबीसाहेबांची पहाट

सेप्टिमस गॅडबी यांच्या पुस्तकांत माणसं नेहमी पहाटे मरत. बिशप असो, सेनापती असो, नाहीतर गिरण्या काढून गबर झालेला कोणी पुण्यात्मा असो, पहिल्या खंडात जन्माला यायचं आणि दुसऱ्या खंडाच्या शेवटच्या प्रकरणात, पहाटे, पूर्ण शुद्धीवर, सगळं कुटुंब पलंगाभोवती जमलेलं असताना एक सुंदर वाक्य बोलून डोळे मिटायचे, हा नियम. ज्या न्यायाधीशाने रविवारचं भरपेट जेवण करून खुर्चीतल्या खुर्चीत मान टाकली होती, त्यालाही गॅडबीसाहेबांनी उचलून पलंगावर निजवला आणि पहाटेपर्यंत थांबवून ठेवला. विधवा खूश, मुलं खूश, प्रकाशक टॉलेट तर फारच खूश. लंडनच्या बऱ्यापैकी घरात कोणी गेलं की आधी शवपेटीवाला, मग वकील आणि मग गॅडबी, अशी बोलावणी जात.

ही सगळी मरणं स्वच्छ अक्षरात उतरवून काढली ती त्यांच्या बायकोने, लव्हिनियाने. गॅडबीसाहेब लिहीत ते पाकिटांच्या पाठीवर, बिलांच्या कोऱ्या बाजूवर, एकदा तर खाटकाने मटण गुंडाळून दिलेल्या कागदावर. अक्षर असं, की त्यांचं त्यांना लागत नसे. लव्हिनियाला लागत असे. लग्न झाल्यापासून तिने दुसरं केलं काय? पुस्तकाच्या प्रस्तावनेत साहेब बिशपचे आभार मानत, दोन-तीन उमरावांचे मानत, ग्रंथपालाचे मानत आणि अगदी शेवटी लिहीत, ‘प्रत करण्याच्या कामी एका स्नेही हाताचे साहाय्य झाले.’ त्या हाताला बाकी शरीर आहे की नाही, याचा उल्लेख नसे. हे वाक्यही लव्हिनियाच सुवाच्य अक्षरात उतरवून काढी.

चरित्रांखेरीज साहेब टीकाही लिहीत. टॉलेटच्या साप्ताहिकात दर शनिवारी त्यांचा मजकूर येई, अर्थात बिननावाचा. तिथे टीकाकाराने ‘मी’ म्हणायचं नाही, ‘आम्ही’ म्हणायचं, अशी रीत. ती त्यांच्या इतकी अंगवळणी पडली की घरातही दुसरं तोंडात येईना.

“आम्हांला हे अंडं पटलं नाही,” ते न्याहारीला म्हणत.

“मग आम्ही दुसरं उकडू का?” लव्हिनिया विचारी.

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी हे बोलताना तिला हसू आवरत नसे. साहेबांना त्यात हसण्यासारखं काय आहे हे कधीच कळलं नाही, आणि एकटीने किती दिवस हसणार? पुढे ती मुकाट्याने दुसरं अंडं उकडू लागली.

नव्या कादंबऱ्यांची तर ते दोन मिनिटांत वासलात लावत. पानांच्या जोडलेल्या कडा अजून न कापलेल्या पुस्तकांचा गठ्ठा यायचा. साहेब हस्तिदंती सुरीने पहिलं आणि शेवटचं पान कापत, मधल्या पानांना हातही लावत नसत आणि वर निकाल देत, ‘लेखिकेने यापुढे शिवणकामात लक्ष घालावे, असे आम्हांस वाटते.’ एका शनिवारी लव्हिनियाने विचारलं, “अहो, मध्ये काही चांगलं असलं तर?” साहेब म्हणाले, “मध्ये असतं ते कोणालाच कळत नाही. माणूस कळतो तो शेवटी.” हे ते पुस्तकांबद्दल बोलत होते की माणसांबद्दल, हे तिने विचारलं नाही. त्यांना स्वतःलाही ते ठाऊक नसावं.

पण एवढी मरणं लिहूनही साहेबांचा जीव एका मरणात अडकला होता. बिशप आणि गिरणीवाले म्हणजे पोटापाण्याचा धंदा झाला. ज्याच्यामुळे आपलंही नाव राहील असं एक मोठं चरित्र त्यांना लिहायचं होतं, आणि ते त्यांना मिळालंही होतं. कवी बार्नबी कॅरदर्स! शाळेतली पोरं ज्याच्या कविता घोकतात आणि मोठेपणी विसरल्याबद्दल देवाचे आभार मानतात, असा कवी. फार वर्षांपूर्वी या कॅरदर्सला न्यूमोनियाने गाठलं. डॉक्टरांनी काखा वर केल्या. टॉलेट धावत गेला, कवीने उशीवरूनच सही केली की चरित्र गॅडबीने लिहावं, मात्र ते आपल्या पश्चात छापावं. कागदपत्रांच्या पेट्या त्याच संध्याकाळी गॅडबींच्या घरी आल्या. आठवडाभरात उरकेल असा सगळ्यांचा हिशेब होता. चौथ्या दिवशी कवी उठून बसला आणि त्याने बटाट्यांसकट मटणाची चाप मागितली.

तेव्हापासून तो जो जगतच सुटला! चरित्र केव्हाच लिहून झालं होतं. दोन जाडजूड खंड. शेवटचं प्रकरणसुद्धा तयार होतं, आणि खरं सांगायचं तर तेच सगळ्यात आधी लिहून झालं होतं. अडलं होतं ते फक्त नायकापायी. बरं, गप्प पडून राहावं की नाही? तेही नाही. दाढीवाल्या कवीचं चित्र पुस्तकासाठी पोलादावर कोरून झालं, आणि याने दाढी काढली. इटली आणि कवीचं वैर यावर साहेबांनी एक अख्खं प्रकरण लिहिलं, आणि हा इटलीत जाऊन वर्षभर राहिला. सत्तरी उलटून गेल्यावर त्याने आपल्या स्वयंपाकिणीशी, मार्थाशी, लग्न केलं. त्या दिवशी साहेब दोन वेळा जेवले नाहीत. शेवटी त्यांनी त्या बाईला पुस्तकात ‘एक विश्वासू परिचारिका’ करून टाकलं आणि पुढे गेले. मार्था मात्र नवऱ्याला असं काही खाऊपिऊ घालू लागली की त्याचे गाल वर आले.

आणि इकडे साहेबांचा खोकला वाढत चालला. “पुस्तक हातात घेतल्याशिवाय आम्ही डोळे मिटणार नाही,” ते म्हणत. लव्हिनिया शेजारच्या खोलीत लिहीत बसलेली असे. तो खोकला भिंतीतून ऐकू आला की तिचं पेन थांबे. दोन म्हाताऱ्यांची शर्यत लागली आहे आणि आपला म्हातारा पुढे चालला आहे, हे तिला दिसत होतं. तिची मनापासून इच्छा होती की ते पुस्तक एकदाचं निघावं. त्यातल्या मजकुराचं तिला काडीचं कौतुक नव्हतं, पण या माणसाने एकदा तरी हातातलं खाली ठेवून वर बघावं, एवढंच तिला हवं होतं.

दर गुरुवारी साहेब फिरायला जात. प्रकृतीसाठी, असं ते सांगत. वाट मात्र बरोबर कॅरदर्सच्या घरावरून जाई. समोरच्या फुटपाथवर उभे राहून ते पडदे पाहत, धुराडं पाहत, दारावरची पितळी कडी काळ्या कापडात गुंडाळली आहे का ते पाहत, आणि खाली मान घालून घरी येत.

“काय म्हणतात कॅरदर्स?” लव्हिनिया विचारी.

“सुधारणा नाही,” साहेब म्हणत. म्हणजे कवी ठणठणीत होता.

एका नोव्हेंबरच्या गुरुवारी मात्र ते परतले ते गल्लीच्या तोंडापर्यंत घोडागाडी करून, तोंड लाल झालेलं, टोपी तिरकी.

“पेंढा!” ते दारातूनच म्हणाले. “लव्हिनिया, पेंढा!”

लंडनात हे वेगळं सांगावं लागत नाही. घरात कोणी शेवटच्या घटका मोजत असलं, की दारासमोरच्या रस्त्यावर जाड पेंढा अंथरतात, म्हणजे गाड्यांच्या चाकांचा खडखडाट आजाऱ्याच्या कानी जात नाही. मोठ्या माणसाचा पेंढा मोठा. कॅरदर्सच्या दारापुढे तो या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पसरला होता.

“देवा रे! कसं आहे त्यांचं? विचारलंत का?”

“विचारलंत का म्हणजे? अशा वेळी दार वाजवणं शोभतं का?”

“अहो, पण कोण आजारी आहे ते तरी...”

“आम्ही सरळ टॉलेटकडे गेलो,” साहेब म्हणाले. ते खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. “छपाईचे खिळे जुळवायला घेतलेसुद्धा त्याने. शेवटचं प्रकरण आधी. विधवेची संमती लागेल ना!”

धंद्याची रीतच तशी होती. शेवटच्या प्रकरणाची प्रुफं आधी विधवेकडे जायची. तिला मरण पसंत पडलं, की मगच ते छापायचं. एका विधवेने तीन वेळा मरण बदलून घेतलं होतं आणि चौथ्या वेळी पलंगाच्या चादरीचा रंग बदलायला लावला होता.

त्या संध्याकाळी साहेब लव्हिनियाशी फार गोड बोलले. पुस्तक निघालं की समुद्रकाठी जाऊ, म्हणाले. तिनेही हो म्हटलं. एक माणूस मरतो आहे म्हणून आपल्याला बरं वाटतंय, याची तिला लाज वाटली, आणि तरीही बरं वाटत राहिलं.

सोमवारी दुपारी चहाच्या वेळी दार धडाधडा वाजलं. मोलकरणीने जाऊन दार उघडलं, एक किंकाळी फोडली आणि स्वयंपाकघरात पळून गेली. दारात बार्नबी कॅरदर्स उभा होता. गुबगुबीत, ताजा, दाढी पुन्हा वाढवलेली. काखेत प्रुफांचं भेंडोळं.

“गॅडबी, मी मेलो!” तो ओरडला. “आणि मला कोणी साधं कळवलंसुद्धा नाही!”

गॅडबीसाहेबांच्या हातातला मफिन बशीत पडला.

“बसा ना,” लव्हिनिया म्हणाली. मेलेल्या माणसाला बसा म्हणावं की नाही असा प्रश्न तिला पडला होता, पण चहा तयार होता. “साखर किती?”

“तीन. मार्था दोनच देते, पण आता मला कोण काय करणार?” कवी ऐसपैस बसला. “परवा सकाळी टपालाने टॉलेटचं शोकाचं, काळ्या काठाचं पाकीट आलं. मार्थाने फोडलं. ‘आपल्या असह्य दुःखात आम्ही सहभागी आहोत. प्रुफं उलटटपाली पाठवावीत.’ ती मला म्हणते, ‘अहो, तुम्ही गेलात म्हणे. आणि घाई आहे म्हणे.’ मी म्हटलं, आधी माझा टोस्ट आण, मग रड.”

“पण... पेंढा...” साहेब कसेबसे म्हणाले.

“शेजारच्या कर्नलच्या सुनेचा होता तो! जुळं झालं तिला. दोन पोरं म्हणून पेंढा डबल, तो आमच्या दारापर्यंत आला. मी ब्रायटनला समुद्रकाठी कालवं खात होतो, गॅडबी. दार वाजवून विचारायला काय झालं होतं?”

“अशा प्रसंगी दार वाजवणं...”

“शोभत नाही. बरोबर आहे. माणूस मारून टाकणं शोभतं.” कवीने चष्मा लावला आणि प्रुफं उलगडली. पानापानावर लाल पेन्सिलीच्या रेघा होत्या. “आता जरा माझ्या मरणाकडे वळू. ‘पहाटेची वेळ होती.’ मी जन्मात कधी पहाट पाहिलेली नाही. दहाच्या आधी मला कोणी हाक मारली तर मी बूट फेकून मारतो, विचारा मार्थाला. पुढे, ‘पलंगाभोवती स्नेहीजन साश्रू नयनांनी उभे होते.’ अकरा जण लिहिलेत तुम्ही. यांतल्या चौघांना मी उंबरा ओलांडू देत नाही. आणि हे दोघे तर मेलेत! यांची चरित्रं तुम्हीच लिहिलीत!”

“तपशील तपासायचे राहिले होते,” साहेब पुटपुटले.

“‘कवीने डावा हात पवित्र ग्रंथावर ठेवला.’ डावा का?”

“उजव्या हाताने आशीर्वाद द्यायचा होता.”

“हं. आणि मग मी म्हणतो...” कवीने घसा साफ केला आणि भरदार आवाजात वाचलं, “‘पडदा सारा. पहाट माझ्यासाठी थांबली आहे.’”

साहेबांनी आशेने मान वर केली.

“वाक्य वाईट नाही,” कवी कबूल करत म्हणाला. “लय आहे. पण माझं नाही. मला ढगळ होतंय.” मग त्याचा आवाज उतरला. “थट्टा जाऊ दे. एक सांगा. ही विश्वासू परिचारिका कोण?”

साहेबांनी बशीतला मफिन उचलून पुन्हा ठेवला.

“ती माझी बायको आहे, गॅडबी.”

“वाचकांच्या दृष्टीने आम्हांला असं वाटलं, की...”

“वाचकांच्या घरी बायका नसतात की काय?”

लव्हिनियाने किटलीचं झाकण उचलून आत पाहिलं. आत पाहण्यासारखं काही नव्हतं. वर पाहिलं असतं तर तिचे भरलेले डोळे त्या दोघांना दिसले असते, म्हणून ती आतच पाहत राहिली.

कवीचं तिच्याकडे लक्ष होतं. “हे सगळं तुम्ही उतरवून काढलंत? न हसता?”

“पहिल्यांदा हसले होते,” लव्हिनिया म्हणाली.

कॅरदर्स तसा वाईट माणूस नव्हता. साहेब खोकू लागले, थांबेनात, आणि तो एकदम मवाळ झाला. पुढे वाकून म्हणाला, “हे बघा, गॅडबी. तुम्ही या पुस्तकात आयुष्य घातलंत. ती अट मी सोडतो. आत्ताच छापा. माझ्या डोळ्यांदेखत निघू दे. शेवटचं प्रकरण तेवढं गाळा.”

लव्हिनियाने नवऱ्याकडे पाहिलं. हो म्हणा, ती मनातल्या मनात म्हणत होती. अहो, एवढ्या वेळी हो म्हणा.

गॅडबीसाहेब ताठ बसले. ज्या माणसाला दहा मिनिटांपूर्वी तोंड लपवायला जागा नव्हती, त्याच्या अंगात कुठून कोण जाणे सगळं बळ आलं.

“मरणाशिवाय चरित्र? छपराशिवाय घर बांधा म्हणता? नाही, कॅरदर्स. आमचंही काही नाव आहे. आम्ही थांबू.”

“तुम्ही थांबाल, पण थांबणं तुमच्या हातात आहे का?” कवी म्हणाला. जाताना त्याने लव्हिनियाचा हात हातात घेतला, आणि तिला वाटलं की आपण मोठ्याने रडणार. पण ती रडली नाही, तिने बशा गोळा केल्या.

टॉलेटने शिव्या घालत खिळे मोकळे केले. गावात कुजबूज झाली, क्लबात हशा झाला. साहेबांनी ते काही मनाला लावून घेतलं नाही. त्यांना दुःख एवढंच होतं, की इतकं तयार असलेलं मरण वाया गेलं. गुरुवारचं फिरणं त्यांनी सोडलं नाही. लव्हिनियाने मफलर लपवला, बूट लपवले, भांडली, रुसली. फेब्रुवारीत गारांचा पाऊस पडत असताना ते समोरच्या फुटपाथवर तासभर उभे राहिले. घरी आले ते कुडकुडत. दुसऱ्या दिवशी ताप भरला. डॉक्टरांनी छाती ठोकून पाहिली, लव्हिनियाला जिन्यात बोलावलं आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला.

साहेबांना सांगावं लागलं नाही. इतकी मरणं लिहिलेला माणूस, त्याला कोण फसवणार? ते लगेच तयारीला लागले. पलंग खिडकीकडे फिरवून घेतला. पवित्र ग्रंथ डाव्या हाताशी. पडदे अर्धे. आणि लव्हिनियाने पलंगाशेजारी कागद-पेन्सिल घेऊन बसायचं.

“शेवटचे शब्द निसटून जातात,” त्यांनी बजावलं. “आमच्या बाबतीत तसं व्हायला नको. जे बोलू ते जसंच्या तसं उतरव. कान इकडे, डोळे कागदावर.”

“बरं,” ती म्हणाली.

मग पहाटांची वाट पाहणं सुरू झालं. उजाडायच्या आधी ते केस विंचरून घेत, शर्टाची कॉलर नीट करून घेत, चेहऱ्यावर गंभीर भाव आणत आणि पडून राहत. लव्हिनिया कागदावर नजर लावून बसे. बाहेर उजाडे, दूधवाला येऊन जाई, आणि साहेब वैतागून म्हणत, “आज नाही. कढण आण.” असं दोन-तीनदा झालं. एकदा तर ती हसली. साहेबांनी विचारलं, “काय झालं?” ती म्हणाली, “काही नाही, अंडं उकडू का?”

एका सकाळी गल्लीत कसली तरी गडबड सुरू झाली. गॅडबींचं घर एका अरुंद, पुढे बंद असलेल्या गल्लीच्या टोकाला. दूधवाल्याच्या हातगाडीशिवाय तिथे कुठलंही चाक कधी फिरकलं नव्हतं. लव्हिनियाने खिडकीतून पाहिलं. दोन माणसं बैलगाडीएवढी मोठी गाडी कशीबशी आत घालून तिच्यातून पेंढा ओढत होती. सोन्यासारखा पिवळा, गुडघाभर पेंढा, भिंतीपासून भिंतीपर्यंत.

“कोणी पाठवला?” तिने वरूनच विचारलं.

“कॅरदर्ससाहेबांनी, बाई! म्हणाले, जाडच पडला पाहिजे!”

तिने साहेबांना उशांवर उठवून बसवलं. त्यांनी मान लांबवून खाली पाहिलं. पाहतच राहिले.

“आपल्या दारात?” ते म्हणाले. “एवढा?”

“एवढा.”

लहान मुलाने वाढदिवसाचा केक पाहावा तसा तो पेंढा ते पाहत होते. त्या गल्लीत मुळी खडखडाटच नव्हता, तरीही ते एकदम शांत झाले.

त्याच दुपारी, जेवणं उरकल्यावर, घरभर उकडलेल्या कोबीचा वास भरून राहिला असताना त्यांचा श्वास बदलला. पडदे कोणी सारले नव्हते, केस विंचरलेले नव्हते. पवित्र ग्रंथ घसरून पांघरुणात गेला होता. लव्हिनिया सांगितल्याप्रमाणे कागदावर वाकली, पेन्सिल टेकवली. तिच्या डोळ्यांतलं पाणी कागदावर पडत होतं आणि ती ते बाहीने टिपत होती.

“लव्हिनिया.”

“अं? बोला. लिहितेय मी.”

“ठेव ते बाजूला. तुझं तोंड दिसत नाही मला.”

तिने पेन्सिल ठेवली. वर पाहिलं. ते तिच्याकडे पाहत होते, जणू पुस्तकाची मधली पानं आत्ता कुठे कापली होती. तिने त्यांचा हात धरला. बराच वेळ ते पाहत राहिले, आणि मग त्यांनी पाहायचं थांबवलं.

दुसऱ्या दिवशी टॉलेट आला. डोळे पुसले, खुर्ची ओढली, साप्ताहिकाला मृत्युलेख हवा म्हणाला. कॅरदर्सही आला होता, कोपऱ्यात नुसता बसून होता.

“मिसेस गॅडबी, त्यांचे शेवटचे शब्द?”

लव्हिनियाने कागद पुढे केला. कागद कोरा होता, त्यावर दोन-चार ओले डाग तेवढे होते.

“काहीच नाही?” टॉलेट घाबरला. “गॅडबी आणि शेवटचे शब्द नाहीत? लोक काय म्हणतील? बाई, आठवा जरा. काहीतरी बोललेच असतील!”

तिने तोंड उघडलं. टॉलेटची पेन्सिल टपलेली होती. ते शब्द याला दिले तर हा त्यांना न्हाऊमाखू घालील, चांगले कपडे चढवील आणि पहाटेपर्यंत थांबवून ठेवील, हे तिला दिसलं. तिने तोंड मिटलं.

“माझे घ्या,” कोपऱ्यातून कॅरदर्स म्हणाला.

“आपले?”

“‘पडदा सारा’वाले. तसे ते त्याचेच आहेत. मला बसले नव्हते, त्याला बसतील.”

टॉलेटने आशेने लव्हिनियाकडे पाहिलं. तिने मान हलवली. द्या, म्हणाली. त्यांना आवडेल.

शनिवारच्या अंकात गॅडबीसाहेब पहाटे वारले. स्नेहीजन पलंगाभोवती उभे होते, डावा हात ग्रंथावर होता, आणि वाक्य तर असं की दोन पाद्र्यांनी रविवारच्या प्रवचनात घेतलं. एका स्नेही हाताने अखेरपर्यंत शुश्रूषा केल्याचाही उल्लेख होता.

अंक वाचून कॅरदर्सने विचारलं होतं, “खरं काय म्हणाला हो तो?”

“काही नाही,” लव्हिनिया म्हणाली. “घरातलंच बोलले.”

कॅरदर्स पुढच्या वर्षी गेला, सकाळी दहा वाजून गेल्यावर, न्याहारी करता करता. मार्थाने येऊन लव्हिनियाला सगळं सांगितलं, आणि पुस्तकाचं शेवटचं प्रकरण लव्हिनियाने लिहिलं. लांब नव्हतं. कवीने टोस्ट करपला म्हणून तक्रार केली, मग बायकोला म्हणाला, ‘मार्था, तू खाल्लंस का काही?’ आणि गेला. मार्थाला तिने मार्था लिहिलं आणि बायको लिहिलं. टॉलेट कुरकुरला, पण विधवेला मरण पसंत होतं, त्यामुळे त्याला छापावं लागलं.

दोन खंड बाहेर आले. साप्ताहिकात साहेबांच्या जागी आता कोणी नवा टीकाकार बसला होता, अर्थात बिननावाचा. लव्हिनियाने न्याहारीच्या टेबलावर अंक उघडला. त्याने साहेबांची तोंड फाटेपर्यंत स्तुती केली होती. आणि शेवटी लिहिलं होतं, ‘शेवटचे प्रकरण मात्र कै. गॅडबी यांच्या लेखणीतून उतरलेले नाही, हे आमच्या तत्काळ ध्यानात आले. त्यात उंची नाही, पहाट नाही. आम्ही वाचकांनाच विचारतो, मरणाच्या दारात उभा असलेला माणूस असे कधी बोलतो काय?’

लव्हिनियाने अंकाची घडी घातली. समोर रिकामी खुर्ची होती.

“बोलतो,” ती म्हणाली, आणि तिने अंडं फोडलं.